छर्रा कुंपणापलीकडे जाऊ नये

20 मार्चला आपल्याकडे चिमणीची आठवण काढली जाते. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या पुढाकारानं 2010 पासून हा दिवस जागतिक चिमणी दिन म्हणून पाळतात. शाळांतून लाकडी घरटी वाटली जातात, गॅलऱ्यांत पाण्याच्या वाट्या ठेवल्या जातात, आणि ‘आमच्या लहानपणी चिमण्या आरशावर चोची मारायच्या’ असं सांगणारे एक तरी काका प्रत्येक सोसायटीत निघतातच. दिल्लीनं तर 2012 मध्ये चिमणीला राज्यपक्षीच करून टाकलं.

त्याच मार्च महिन्यात अमेरिकेतल्या कितीतरी परसांत खांबांवर लाकडी घरटी चढतात. ती चिमणीसाठी नसतात. ब्लूबर्ड नावाचं निळ्या पाठीचं, तांबूस छातीचं देखणं पाखरू तिथं यावं म्हणून ती असतात. त्या घरट्यावर आपल्या चिमणीचा डोळा असतो. चिडा आत शिरतो, अंड्यांवर बसलेल्या ब्लूबर्डच्या डोक्यावर चोची मारून तिला ठार करतो आणि पुष्कळदा तिच्या कलेवरावरच गवत रचून संसार मांडतो. हे एकदा पाहिलेला परसमालक पुढच्या खेपेला स्वयंपाकघराच्या खिडकीत एअरगन घेऊन बसतो. त्यानं चिडा टिपला तर अमेरिकेच्या पक्षी-कायद्याची त्याला आडकाठी नाही. त्यानं चुकून ब्लूबर्ड टिपला तर मात्र 15 हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

म्हणजे ‘उपद्रवी पक्षी’ हे पाखराच्या अंगचं लक्षण नाही. तो कुठे आहे आणि कुणाच्या परसात आहे, यावर ते ठरतं. आपली साळुंकी 1862 च्या सुमारास ऑस्ट्रेलियात मेलबर्नला नेऊन सोडली, आज तिथं तिला पकडायचे पिंजरे काही भागांत लोकांना दिले जातात. आपला गावकावळा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झांझिबारला पोहोचला आणि तिथून पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यानं पसरत गेला. 2024 साली केनियाच्या वन्यजीव खात्यानं दहा लाख कावळे संपवण्याची घोषणा केली. आपण ज्याची पितृपक्षात पिंडाला शिवायची वाट बघतो, तोच हा.

अमेरिकेचा तो पक्षी-कायदा 1918 चा आहे. स्थलांतरी पक्ष्यांबाबत ब्रिटनशी झालेल्या कराराची अंमलबजावणी म्हणून तो आला (कॅनडाच्या वतीनं तेव्हा ब्रिटन सही करत असे). त्यानं जवळजवळ सगळ्याच देशी पाखरांना संरक्षण दिलं. रॉबिन, निळकंठी जे, पाकोळ्या, सुतार, कॅनडा हंस, सगळे त्यात आले. लाकडी घराच्या भिंतीला सुतार पक्षी पहाटे पाचपासून भोकं पाडत असला, तरी मालकानं केंद्रीय खात्याकडून परवाना आणल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. यातून सुटली ती बाहेरून आणलेली पाखरं. त्यात मुख्य तीन: चिमणी, कबूतर आणि युरोपी स्टार्लिंग, म्हणजे आपल्या साळुंकी-भोरडीची चुलत बहीण. चिमण्या 1850 नंतरच्या दोनतीन वर्षांत ब्रुकलिनमध्ये आणल्या गेल्या. स्टार्लिंग यूजीन शिफलिन नावाच्या गृहस्थानं 1890 च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये सोडल्या, साठेक असतील. पुढच्या वर्षी आणखी चाळीस. तिथून त्या अलास्कापर्यंत गेल्या. शेक्सपियरच्या नाटकांतला प्रत्येक पक्षी अमेरिकेत आणायचा म्हणून शिफलिननं हा उद्योग केला, अशी एक गोड गोष्ट अजून पुस्तकांतून सांगतात. तिला समकालीन पुरावा नाही.

आता खिडकीत बसलेल्या त्या माणसाची खरी अडचण पाहा. चिडा ओळखायला सोपा आहे: गळ्याखाली काळा पट्टा, डोक्यावर राखी टोपी. चिमणी मात्र मातकट. आणि अमेरिकेत तशीच मातकट, पट्ट्यापट्ट्यांची देशी पाखरं डझनांनी आहेत, ती सगळी संरक्षित. वीस मीटरवरून, संध्याकाळच्या उजेडात, दुर्बिणीशिवाय त्यातली कोणती हे सांगणं भल्याभल्यांना जमत नाही. म्हणून तिकडच्या जाणत्यांचा पहिला नियम बंदुकीचा नाहीच, डोळ्यांचा आहे. नाव सांगता येत नसेल तर घोड्यावर बोट ठेवायचं नाही.

दुसरं, देशाचा कायदा आड येत नाही म्हणून गावाचा येत नाही असं नाही. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याच्या लेखी एअरगन हे अग्निशस्त्र नाही, कारण तिच्यात दारू जळत नाही. पण अनेक शहरांत हद्दीत छर्रा उडवायलाच बंदी असते. न्यू जर्सी राज्य तर एअरगनला सरळ बंदुकीतच मोजतं. एडिसनमध्ये घर घेतलेल्या एखाद्या मराठी माणसाला, पेनसिल्व्हेनियातल्या मित्राच्या घरी पाहिलं तसं आपल्याही परसात करून पाहावं असं वाटलं, तर आधी पोलिसांकडून खरेदीचं ओळखपत्र काढावं लागेल.

या हत्याराबद्दल आपल्याकडे दोन टोकाच्या समजुती आहेत. एक, ते खेळणं आहे, जत्रेत फुगे फोडायचं. दुसरी, ती बंदूकच आहे. दोन्ही थोड्या खऱ्या. साध्या एअरगनची नळी मधोमध मोडायची. मोडताना आतली जाड स्प्रिंग दाबली जाते आणि दट्ट्या मागे अडकतो. घोडा ओढला की स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढे धावतो, त्याच्यापुढची हवा क्षणात दाबली जाऊन छर्ऱ्याला ढकलते. सायकलच्या पंपासारखंच, फक्त एका झटक्यात. महागड्या प्रकारात हवा आधीच टाकीत भरून ठेवतात, सुमारे 200 बारच्या दाबानं, मोटारीच्या टायरातल्या हवेच्या कितीतरी पट. छर्रा शिशाचा, कमरेत बारीक आणि दोन्हीकडे रुंद, लहानशा डमरूसारखा. त्याची मागची पोकळ बाजू हवेच्या दाबानं फुलते आणि नळीच्या आट्यांना घट्ट बसते.

इंग्लंडमध्ये परवान्याशिवाय ठेवता येणाऱ्या एअर रायफलची मर्यादा 12 फूट-पौंड, म्हणजे 16 ज्यूलच्या आसपास. साडेचार मिलिमीटरचा अर्ध्या ग्रॅमचा छर्रा या ताकदीवर सेकंदाला साधारण 240 मीटर जातो. ताशी साडेआठशे किलोमीटर, प्रवासी विमानाच्या जवळपास. पण अर्ध्या ग्रॅमला हवा फार लवकर थोपवते. पंचवीस-तीस मीटरपलीकडे नेम आणि जोर दोन्हींवर भरवसा ठेवता येत नाही. पाखरू तिथं मरत नाही, जखमी होतं, आणि कुणाच्या तरी कौलांवर दोन दिवसांनी मरतं. गंमत अशी की नेमासाठी निकामी झालेला तोच छर्रा फांदीवरच्या पाखराला चुकून वर गेला, तर काहीशे मीटर लांब जाऊन पडतो. डोळ्याला लागण्याइतका जोर त्याच्यात तेव्हाही असू शकतो. म्हणून पाखराच्या मागे काय आहे ते आधी पाहायचं. मातीचा बांध, जाड बुंधा, गोठ्याची भिंत असेल तर ठीक. आभाळ असेल तर नाही. छपराच्या वळचणीला बसलेलं कबूतर हे दिसायला सर्वांत सोपं लक्ष्य आणि मारायला बहुतेक वेळा सर्वांत वाईट.

इंग्लंडच्या कायद्यानं हाच मुद्दा कुंपणाशी बांधून टाकला आहे. तुमच्या आवारातून सुटलेला छर्रा शेजाऱ्याच्या परवानगीशिवाय तुमच्या हद्दीबाहेर गेला की गुन्हा झाला. कुणाला लागला की नाही, हा प्रश्नच नाही. आपल्याकडे आंब्याच्या फांद्यांवरून आणि सांडपाण्यावरून पिढ्यानपिढ्या चाललेली शेजाऱ्यांची भांडणं आठवा, म्हणजे हा नियम किती शहाणपणाचा आहे ते कळेल. स्कॉटलंडनं आणखी पुढे जाऊन 2016 च्या 31 डिसेंबरपासून एअरगनला प्रमाणपत्रच सक्तीचं केलं. उत्तर आयर्लंडमध्ये मर्यादा एक ज्यूल, म्हणजे जवळजवळ सगळ्याच एअरगनना कागद लागतो. एकाच राणीच्या, आता राजाच्या, राज्यात तीन तऱ्हा.

पाखरांच्या बाबतीत इंग्लंडची रीत अमेरिकेच्या उलट आहे. तिथं 1981 च्या वन्यजीव कायद्यानं सगळीच रानपाखरं, त्यांची अंडी आणि वापरातली घरटी संरक्षित आहेत. बाहेरची-घरची असा भेद मुळात नाही. मग ठरावीक पाखरांसाठी, ठरावीक कारणांसाठी सरकार ‘सर्वसाधारण परवाना’ काढतं. हा परवाना अजब आहे. त्याला अर्ज करायचा नसतो, फी नसते, तो भिंतीवर टांगायचा नसतो. सरकारी पानावर तो छापलेला असतो आणि त्याच्या अटी पाळणाऱ्या कुणालाही लागू होतो. जागेचा मालक किंवा कब्जेदार, नाहीतर त्यांनी परवानगी दिलेला माणूस, एवढंच. पण कारण मोजकंच चालतं: सार्वजनिक आरोग्याला धोका, पिकांचं किंवा गुरांच्या चाऱ्याचं गंभीर नुकसान, नाहीतर दुसऱ्या दुर्मीळ पाखरांचं रक्षण. गाडीवर शिटतं, पहाटे घुमतं, लॉनवर पिसं पडतात, हे कारण नाही. त्रास होणं आणि हक्क मिळणं यांत हा कायदा जे अंतर ठेवतो, ते परसात चिडून उभ्या असलेल्या माणसाला बहुतेक वेळा मान्य नसतं.

या परवान्यांवरून 2019 च्या एप्रिलमध्ये तिथं मोठं रणकंदन झालं. दूरदर्शनवरचे निसर्ग-निवेदक ख्रिस पॅकहॅम, मार्क अ‍ॅव्हरी आणि रूथ टिंगे यांनी ‘वाइल्ड जस्टिस’ नावाची संस्था काढली आणि सरकारी निसर्ग-संस्थेला कायदेशीर आव्हान दिलं. मुद्दा एकच होता: न मारता उपाय करून पाहिला का, हे कुणी तपासतंय का? नसेल, तर सरसकट मुभा कशी देता? सरकारी संस्थेच्या वकिलांना उत्तर सापडलं नाही आणि तिनं तीन परवाने दोन दिवसांच्या सूचनेवर रद्द केले. नेमकी पेरणीची, कोकरांची वेळ. शेतकरी भडकले. पॅकहॅमच्या फाटकाला कुणीतरी मेलेले कावळे टांगून ठेवले. शेवटी पर्यावरणमंत्री मायकेल गोव्ह यांनी ते काम संस्थेकडून आपल्या खात्याकडे घेतलं आणि नवे परवाने निघाले, जास्त कडक शब्दांचे. आज त्यांत स्पष्ट म्हटलेलं असतं की आधी जाळी, बुजगावणं, खाणं झाकणं हे सगळं करून पाहायचं आणि ते चालू ठेवायचं. बंदूक शेवटी. मला या प्रकरणात शेतकऱ्यांची बाजूही पटते, दोन दिवसांची सूचना हा काही कारभार नव्हे. पण वाइल्ड जस्टिसनं विचारलेला प्रश्न बरोबर होता, आणि त्याचं उत्तर बाझल शहरानं आधीच देऊन ठेवलं होतं.

स्वित्झर्लंडमधल्या या शहरात 1961 ते 1985 या काळात फासे लावून आणि गोळ्या घालून सुमारे एक लाख कबुतरं मारली गेली. शहरातली कबुतरं होती वीसेक हजार. चोवीस वर्षांनी मोजली, तरी वीसेक हजारच. कबूतर वर्षभर अंडी घालतं, एका वेळी दोन. अठरा दिवसांत पिल्लं बाहेर, महिनाभरानं उडायला तयार, आणि तोवर आईनं पुढची अंडी घातलेलीसुद्धा असतात. अन्न भरपूर असलं की मारलेल्याची जागा भरायला फार वेळ लागत नाही. उलट दाटी कमी झाल्यानं उरलेल्यांची पिल्लं जास्त जगतात. 1988 पासून प्राणिशास्त्रज्ञ डॅनियल हाग-वाकरनागेल यांच्या देखरेखीखाली शहरानं दुसरी वाट धरली. दाणे टाकू नका, दाट कळपात पिल्लांचे कसे हाल होतात ते पाहा, असं पत्रकांतून आणि भित्तिपत्रकांतून लोकांना सांगितलं. देखरेखीखालची कबूतरघरं बांधून तिथली अंडी काढून घेतली. चारेक वर्षांत संख्या निम्म्यावर आली.

मग एअरगनला काही कामच नाही का? आहे, पण लहान. गोदामात जाळी लावून झाली, फटी बुजवल्या, तरी दोन कबुतरं आतच अडकली आणि धान्यावर शिटताहेत, अशा वेळी इंग्लंडमधला कीड-नियंत्रणवाला एअर रायफल काढतो. कमी ताकदीचा छर्रा पत्र्याला भोक पाडणार नाही, हाच तिचा गुण. अमेरिकेतल्या ब्लूबर्डवाल्याचंही तेच, एका घरट्याला चिकटलेला एक चिडा. कळपावर तिचा उपयोग समुद्राचं पाणी वाटीनं उपसण्याइतकाच. आणि ती वापरली तर मेलेलं पाखरू उचलून पुरायचं. शिशाचा छर्रा पोटात असलेलं कबूतर मांजरानं किंवा ससाण्यानं खाल्लं, तर शिसं त्याच्या अंगात जातं.

आपल्याकडे पाखरं मारण्यापेक्षा राखण्याची रीत जुनी आहे. ‘राखणे’ हा शब्दच पाहा, शेत राखायचं म्हणजे पाखरांना हाकायचं. हुरड्यात आलेल्या ज्वारीवर भोरड्यांचा थवा उतरला की माळ्यावरचा पोरगा गोफण फिरवतो. सुटलेल्या दगडापेक्षा दोरीच्या टोकाचा ‘फट्’ आवाजच जास्त काम करतो. एअरगन शहरात आली, ती साहेबी घरांतून. मुंबईत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका दहा वर्षांच्या मुलानं अशाच एअरगननं एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. त्याचे मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडलं. तिथं मिलार्डसाहेबांनी पेंढा भरलेल्या पाखरांचे खण उघडून दाखवले, आणि मुलगा त्यात कायमचा अडकला. तो मुलगा म्हणजे सलीम अली. आत्मचरित्राला त्यांनी नाव दिलं ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’. आज तसं करणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाच्या घरी वनखात्याचा माणूस येईल.

कारण आपल्या कायद्याचा पेच असा आहे की हत्यार सहज मिळतं आणि लक्ष्य मिळतच नाही. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार साडेचार मिलिमीटरपर्यंतची आणि 20 ज्यूलपर्यंतची एअरगन घ्यायला परवाना लागत नाही. ही मर्यादा इंग्लंडपेक्षाही सैल. पण 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा ‘शिकार’ या शब्दात मारण्याबरोबर जखमी करणं, पकडणं, अंडी-घरटी बिघडवणं हेही धरतो. या कायद्याच्या मूळ पाचव्या अनुसूचीत उपद्रवी म्हणून कावळा होता, उंदीर, घुशी आणि फळं खाणाऱ्या वटवाघळांच्या पंगतीला. चौथ्या अनुसूचीतल्या संरक्षित कबुतरांतून निळं पारवं कबूतर वगळलेलं होतं. 2022 च्या दुरुस्तीनं सगळ्या अनुसूची नव्यानं मांडल्या, पाचवी काढूनच टाकली. 1 एप्रिल 2023 पासून तेच लागू आहे. तेव्हा ‘कावळा मारलेला चालतो’ हे जुन्या पुस्तकातलं वाक्य आता विसरायचं. एखादा प्राणी उपद्रवी ठरवायचा, तर केंद्र सरकार ठरावीक भागापुरतं आणि मुदतीपुरतं तसं जाहीर करतं. इंग्लंडसारखा घरमालकाला आपसूक लागू होणारा परवाना आपल्याकडे नाहीच. शिवाय प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा 1960 चा कायदा आहे, त्याच्या व्याख्येत माणूस सोडून प्रत्येक जीव येतो.

कागदावरच्या नियमानं हत्यार आपोआप खाली ठेवलं जात नाही, हे अरुणाचल प्रदेशात दिसलं. तिथं पाखरांची शिकार हा घरगुती रिवाज होता आणि एअरगन घरोघरी. 2021 च्या मार्चमध्ये वनमंत्री मामा नातुंग यांनी पूर्व कामेंग जिल्ह्यातल्या लुमडुंग गावातून ‘एअरगन सरेंडर अभियान’ सुरू केलं. लोकांनी आपणहून आणून दिलेल्या एअरगनचा आकडा पुढे दोन हजारांपलीकडे गेला.

महाराष्ट्रात मात्र प्रश्न बंदुकीचा कमी आणि दाण्यांचा जास्त आहे. 2025 च्या जुलैत विधान परिषदेत सांगितलं गेलं की मुंबईत 51 कबुतरखाने आहेत. ते बंद करायचा आदेश निघाला, दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री चढली, ती ओढून काढायला ऑगस्टमध्ये जमाव आला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. एका बाजूला जीवदया, दुसऱ्या बाजूला फुफ्फुसं. वाळलेली विष्ठा आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षं श्वासातून गेली, तर काहींची फुफ्फुसं सुजतात आणि पुढे कायमची कडक होतात. हा आजार डॉक्टरांना चांगला ठाऊक आहे. गॅलरी झाडणाऱ्यानं आधी पाणी शिंपडावं आणि तोंडाला मास्क लावावा, हे त्यामुळे कोणत्याही बंदुकीपेक्षा महत्त्वाचं.

राहिली जाळी. कबुतरासाठी 50 मिलिमीटरचं भोक पुरतं, साळुंकीएवढ्या पाखरासाठी 28, चिमणीसाठी 19. कठड्यावर खिळ्यांच्या पट्ट्याही लावतात, पण त्यांचा भरवसा धरू नका. 2023 मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी मॅगपाय पक्ष्यांची घरटी दाखवली, ती याच काट्यांची विणलेली होती. अँटवर्पच्या एका घरट्यात सुमारे दीड हजार काटे. पाखरांनी ते इमारतींवरून उपटून आणले आणि आपल्या अंड्यांच्या रक्षणाला बाहेर टोकं करून लावले होते.

आमच्याकडे जाळीवाला आला तेव्हा नवव्या मजल्याच्या गॅलरीत कमरेला दोर बांधून त्यानं तासाभरात काम उरकलं. वरचा आकडा ठोकायच्या आधी त्यानं एसीच्या मागे हात घालून कबुतरांच्या जोडीचं काड्यांचं रिकामं घरटं काढलं आणि माझ्या हातात दिलं. त्यात आमच्या झाडूच्या हिराच्या सात काड्या होत्या. खाली उतरताना तो म्हणाला, ‘‘साहेब, शेजारच्यांनाही सांगून ठेवा.’’ मी वळून पाहिलं. दोन्ही कबुतरं शेजारच्या कठड्यावर बसून जागा बघत होती.